पिसाच्या बापाने मुलाला कुठे पाठवलं होतं?

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या शादीखान्यात एक जलसा झाला. विषय होता ‘जगाच्या प्रगतीत मुसलमानांचा वाटा’. वक्ते मुंबईहून आले होते. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. युरोप अंधारात चाचपडत होता तेव्हा आम्ही त्याला गणित दिलं, वैद्यक दिलं, फलसफा दिला, असं ते म्हणाले की पुरुषांच्या बाजूने टाळ्या पडायच्या. पडद्याच्या आमच्या बाजूनेही पडत होत्या, जरा दबक्या. अल-ख्वारिझ्मी झाले, इब्ने सिना झाले, इब्ने रुश्दचं नाव आलं. माझ्या शेजारी आमच्या बारावीतली एक मुलगी बसली होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मॅडम, इब्ने रुश्दची पुस्तकं जाळली कुणी, ते पण सांगतील का?”

ते काही त्यांनी सांगितलं नाही.

जलसा संपल्यावर चहाच्या टेबलापाशी कमिटीतले दोन बुजुर्ग भेटले. दोघांनाही मी लहानपणापासून चाचा म्हणते. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या आणि मग एकजण हळूच म्हणाले, “बेटी, इटलीचं झालं ते झालं. पुढच्या वर्षी न्यायचंच असेल तर मुलांना ने. मुलींचं राहू दे.” दहा मिनिटांपूर्वी याच चाचांनी ‘आम्ही युरोपला शिकवलं’ या वाक्यावर सगळ्यात जोरात टाळी वाजवली होती. म्हणून हा लेख. चाचा हा ब्लॉग वाचतात, त्यांनी राग मानू नये. मानलाच तर सलाम करायला घरी येईन तेव्हा बोलू.

आधी सहलीचं सांगते. मी कोकणातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आणि तिच्या ज्युनिअर कॉलेजात उर्दू आणि मराठी शिकवते. आखाती देशांत असलेल्या आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी मिळून ठरवलं की अकरावी-बारावीच्या मुलांची एक अभ्यास सहल परदेशात न्यायची. दुबई नको, ती सगळ्यांच्या मामांनी पाहिलेली आहे. इतिहास आणि विज्ञान दोन्ही शिकता येईल असा देश हवा. आमच्या विज्ञानाच्या सरांनी इटली सुचवली. माणशी खर्च एक लाख नव्वद हजार. निम्मा देणगीदारांचा, निम्मा पालकांचा, आणि ज्यांना परवडत नाही अशा चौघांचा पूर्ण देणगीतून. सोळा मुलांची निवड झाली, सात मुलगे आणि नऊ मुली. निवड मी केली नव्हती. निबंध आणि तोंडी परीक्षेच्या गुणांवर झाली होती. मुली जास्त निघाल्या याला माझा इलाज नाही. गेली पंधरा वर्षं आमच्या प्रत्येक निकालात त्या जास्तच निघतात.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं त्याच्या सहा दिवस आधी मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला. मुलींना गिरजाघरं आणि नंगे पुतळे दाखवायला नेत आहेत, सोबत महरम कुणी नाही, नेणारी बाई स्वतः नवऱ्याशिवाय चालली आहे. तीन दिवसांत पाच मुलींच्या वडिलांनी दिलेली संमती परत घेतली. चार मुली आल्या, सात मुलगे आले, सर आणि मी. माझ्या नवऱ्याला माझ्याआधी लोकांनी विचारलं, “तुम्ही कशी परवानगी दिली?” त्यांनी उत्तर दिलं, “परवानगी शाळेने दिली, मी फक्त बॅग उचलून दिली.” आमच्या घरात हे वाक्य अजून चालतं.

माघार घेतलेल्या पाचांपैकी एक मुलगी तिसऱ्या बाकावर बसते. तिचं नाव लिहीत नाही. उर्दू, अरबी, मराठी तिन्हींत ती वर्गात पहिली. तिच्या वडिलांनी माझ्या समोरच फॉर्मवर सही केली होती आणि आठवड्याने तोच फॉर्म परत मागायला आले. “मॅडम, मला स्वतःला काही वाटत नाही, पण चार लोकांत राहायचंय,” म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही, नुसती भीती दिसली. मी फॉर्म दिला. द्यायला नको होता, निदान तासभर भांडायला हवं होतं, असं मला पुढे रोज वाटत राहिलं. पिसामध्ये तर फारच वाटलं.

पिसामध्ये लोक झुकता मनोरा बघायला जातात, त्याला हाताने टेकू दिल्यासारखा फोटो काढतात आणि परत फिरतात. आमच्या मुलांनीही काढला. त्याच मैदानात, मनोऱ्यापासून काही पावलांवर, संगमरवरी भिंतींचं एक जुनं कबरस्तान आहे, काम्पोसांतो. तिथे लिओनार्दो नावाच्या पिसाच्या माणसाचा पुतळा आहे. जग त्याला फिबोनाची म्हणतं. सरांनी गणिताच्या तासाला त्याची आकड्यांची मालिका शिकवली होती म्हणून मुलांना नाव माहीत होतं. पण मला त्यांना त्याच्या बापाबद्दल सांगायचं होतं.

हा बाप पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने बुजियाच्या जकातनाक्यावर लिहिण्याचं काम करायचा. बुजिया म्हणजे आजच्या अल्जीरियातलं बेजाया, तेव्हा मुसलमानांच्या राज्यातलं भरभराटीचं बंदर. त्याने मुलाला तिथे बोलावून घेतलं. का? तर पुढे उपयोगी पडेल असा हिशेब शिकावा म्हणून. तिथे मुलाला भारतीयांचे नऊ अंक आणि शून्य भेटलं. नंतर तो इजिप्त, सीरिया, ग्रीस, सिसिली, प्रोव्हान्स असा शिकत हिंडला आणि १२०२ मध्ये त्याने ‘लिबेर अबाची’ हे पुस्तक लिहिलं. त्यात हे अंक भारतीयांचे आहेत हे त्याने स्वच्छ सांगितलंय. शून्याला त्याने अरबी ‘सिफर’वरून ‘झेफिरुम’ म्हटलं. शून्य, सिफर, झेफिरुम, झिरो. मराठी आणि उर्दू एकाच घंटेला शिकवणाऱ्या बाईला यापेक्षा चांगला धडा कुठे मिळणार?

आता काळ बघा. फिबोनाचीचा जन्म ११७० च्या सुमाराचा. म्हणजे तो पोरवयात होता तेव्हा सलीबी जंगं चालू होती. सुलतान सलाहुद्दीनने ११८७ मध्ये जेरुसलेम घेतलं. पिसाची जहाजं त्या लढायांत ख्रिस्ती फौजांच्या बाजूने होती. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १०६३ मध्ये, याच पिसाने सिसिलीतल्या मुसलमानांच्या पालेर्मो बंदरावर हल्ला करून लूट आणली होती आणि त्या लुटीतून मनोऱ्याशेजारचं मोठं चर्च उभं राहायला लागलं. चर्चच्या दर्शनी भिंतीवरच्या लेखात ही हकिगत कोरलेली आहे, लपवलेली नाही. असं हाडवैर होतं. तरी एका बापाने मुलाला मुसलमानांच्या शहरात शिकायला नेलं. आपला पोरगा तिथे बिघडेल, त्यांच्या मशिदींची सावली पडेल, चार लोक काय म्हणतील, हे पिसातही कुणी म्हणालं असेलच. १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरायला बंदी घातली होती, म्हणजे घाबरणारे तिथेही होते. पण बापाने नेलं.

जलशातले वक्ते म्हणतात आम्ही युरोपला दिलं. मला हा ‘दिलं’ शब्द सलतो. कुणी दिलं? बुजियाच्या बाजारात कुणी ताटात घालून आणून दिलं नव्हतं. ते घ्यायला आले. परकी भाषा शिकले, शत्रूच्या गावात राहिले, घेतलं आणि कुणाकडून घेतलं ते लिहून ठेवलं. क्रेमोना गावचा जेरार्दो टॉलेमीचं ‘अल्मजेस्त’ वाचायला मिळावं म्हणून स्पेनमधल्या तोलेदोला गेला. तोलेदो तेव्हा ख्रिस्ती राजाच्या हातात आलं होतं, पण पुस्तकं अरबीत होती. तर हा गृहस्थ अरबी शिकला आणि ११८७ मध्ये मरेपर्यंत त्याने सत्तरच्या आसपास ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. इब्ने सिनाचं वैद्यकाचं ‘अल-कानून’ त्यातच आहे. ते इटलीच्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवलं जात होतं. या कथेतला शिकाऊ माणूस इटलीचा आहे. आपण मात्र आठशे वर्षांनी उस्तादाच्या खुर्चीवर हक्क सांगतो, आणि आपल्या मुलीला शिकायला पाठवायची वेळ आली की फॉर्म परत मागतो.

आता इब्ने रुश्द. व्हॅटिकनमध्ये राफाएलने १५०९ ते १५११ च्या दरम्यान रंगवलेलं एक भिंतभर चित्र आहे, ‘अथेन्सची शाळा’. सॉक्रेटिस, अफलातून, अरस्तू यांच्या मेळाव्यात डावीकडे एक पगडीवाला वाकून पुढच्याच्या वहीत डोकावतोय. तो इब्ने रुश्द आहे असं मानलं जातं. आमची मुलं त्याच्यासमोर जी थांबली ती हलेनात. पोपच्या महालात आपला माणूस! एकाने तर मला विचारलं की चित्राला सलाम करायला हरकत आहे का. मग मी उरलेली गोष्ट सांगितली. ११९५ मध्ये मुसलमान खलिफानेच या माणसाला हद्दपार केलं आणि त्याची फलसफ्याची पुस्तकं जाळायचा हुकूम काढला. त्याचे काही ग्रंथ आज अरबीत सापडत नाहीत, फक्त हिब्रू आणि लॅटिन भाषांतरांतून उरले आहेत. म्हणजे ज्यूंनी आणि ख्रिस्त्यांनी जपलं म्हणून वक्त्यांना मुंबईहून येऊन त्याचं नाव घेता आलं.

इटलीनेही त्याला सगळीकडे मान दिला असं नाही. फ्लोरेन्समध्ये सांता मारिया नोव्हेल्लाच्या स्पॅनिश चॅपेलमध्ये एक भिंतचित्र आहे. त्यात संत थॉमस अॅक्वायनस सिंहासनावर, आणि त्याच्या पायाशी पराभूत पाखंड्यांच्या रांगेत इब्ने रुश्द खिन्न बसलेला. हेही दाखवलं. आणि फ्लोरेन्सलाच गॅलिलिओची कबर आहे, ज्याला १६३३ मध्ये चर्चने गुडघे टेकायला लावले. तिथे एक मुलगा म्हणाला, “म्हणजे मॅडम, पुस्तकं जाळणारे सगळ्यांकडेच होते.” होते. फरक पुढे पडतो. १९९२ मध्ये पोपने गॅलिलिओच्या बाबतीत चूक झाली हे कबूल केलं. साडेतीनशे वर्षं लागली, पण केलं. आपल्या जलशात इब्ने रुश्दचं नाव येतं तेव्हा जाळलेली पुस्तकं गाळली जातात. मी ऐकलेल्या एकाही तकरीरीत ती आलेली नाहीत.

गिरजाघराचं उत्तर तर सोपं आहे आणि ते मला मेसेज पाठवणाऱ्यांनाच द्यायचंय. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला खुद्द मस्जिदे नबवीत उतरवून घेतल्याची आणि त्यांना त्यांची इबादत तिथेच करू दिल्याची रिवायत सीरतच्या जुन्या किताबांत आहे. ज्यांच्या मशिदीत त्यांना जागा मिळाली, त्यांच्या उम्मतीची पोरं त्यांच्या चर्चचं छत बघून ईमान गमावतील? एवढं कच्चं ईमान असेल तर ते इटलीला न जाताही जाईल. गंमत सांगते. व्हॅटिकनच्या दारात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. युरोपच्या बायका ओढण्या विकत घेत बाहेर उभ्या होत्या आणि आमच्या चौघी हिजाबवाल्या सरळ आत.

पुतळ्यांचं मी टाळत नाही. मायकेलअँजेलोचा दाविद पाच मीटरहून उंच आहे आणि त्याच्या अंगावर कपडा नाही. आम्ही सगळ्यांना आधीच सांगितलं होतं, ज्याला यायचं नाही त्याने बाहेर थांबावं. तीन मुलगे आणि एक मुलगी बाहेर थांबली, कुणी त्यांना हसलं नाही. आत गेलेल्यांत दोघे मुलगे पहिली दोन मिनिटं खिदळले, मग गप्प झाले. मेडिकलला जायचं म्हणणाऱ्या मुलीने उजव्या हाताच्या शिरा बघून सरांना असा प्रश्न विचारला की सरांना मोबाइल काढावा लागला. नंगेपणाचा त्रास फक्त आपल्यालाच होतो असंही नाही. सिस्टीन चॅपेलमधल्या मायकेलअँजेलोच्या कयामतच्या चित्रात १५६५ मध्ये चर्चने दुसऱ्या चित्रकाराकडून कपडे चढवून घेतले होते. त्या बिचाऱ्याला लोक पुढे विजारी शिवणारा म्हणायचे.

महरमचा मुद्दा मी हलका करणार नाही. त्यात उलेमांची मतं वेगवेगळी आहेत आणि मी आलिमा नाही, बीएड झालेली मास्तरीण आहे. पण एवढं तर मला दिसतं की २०१८ पासून भारतातून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका महरमशिवाय हजला जातात. आमच्या मुली सतरा-अठराच्या आहेत, पंचेचाळीसच्या नाहीत, हे मान्य. मग सवाल सुरक्षित सोबतीचा आहे ना? तर मग सोबतीबद्दल विचारा. कोणत्या हॉटेलात राहणार, खोल्या कशा, रात्री दाराशी कोण, आजारी पडली तर काय. मी यादी तयार ठेवली होती. एकाही वडिलांनी यातलं काही विचारलं नाही. याच मुली पुण्या-मुंबईत सीईटीच्या क्लासला होस्टेलवर राहतात तेव्हा महरम कुठे असतो? फी भरून इंजिनिअरिंगला जाताना जो मसला आठवत नाही, तो नेमका इटलीला कसा आठवला?

पादोवाला आम्ही एका दिवसासाठीच गेलो, पण त्या चौघी अजून पादोवाचंच बोलतात. विद्यापीठाच्या जुन्या वाड्यात जिन्याच्या पायथ्याशी एलेना कोर्नारो पिस्कोपिया हिचा पुतळा आहे. १६७८ मध्ये तिला तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली, विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेल्या जगातल्या पहिल्या बायकांत तिचं नाव घेतात. तिला खरं तर धर्मशास्त्रात हवी होती. पादोवाचा बिशप म्हणाला, बाईला धर्मशास्त्राची पदवी? नाही. मग मधला रस्ता निघाला. आणि तिच्या मागे हट्टाने उभा होता तिचा बाप. आपल्या जलशांतही फातिमा अल-फिहरीचं नाव येतं, फेजच्या करवीयीन मदरशाशी जोडलेलं. मला ते नाव प्यारं आहे. पण शादीखान्यात फातिमा अल-फिहरी आणि घरी ‘मुलींचं राहू दे’, हे मला आता सहन होत नाही.

आणि पालेर्मो. इथे मला जरा थांबायचंय.

सिसिलीची ही राजधानी मुसलमानांनी ८३१ मध्ये घेतली आणि १०७२ मध्ये नॉर्मन ख्रिस्त्यांनी जिंकली. पण नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या दरबारात अरबी चालत राहिली. त्याच्यासाठी अल-इद्रिसीने ११५४ मध्ये जगाचा नकाशा आणि भूगोल तयार केला. त्याच्या महालातल्या चॅपेलला मुकर्नसचं लाकडी छत आहे, वर अरबी अक्षरं, खाली येशूची सोनेरी चित्रं. पालेर्मोच्या मोठ्या चर्चच्या दक्षिण दाराशी एक खांब आहे. तो जुन्या मशिदीतला असावा. त्याच्यावर कुराणची आयत कोरलेली आहे, सूरे आराफची चोपन्नावी.

आमच्यातला एक मुलगा हाफिज आहे. दगड झिजलेला, अक्षर आपल्या नस्तालीकसारखं नाही. तो बोट फिरवत राहिला, दोन-तीन शब्द लागले आणि मग एकदम अख्खी आयत त्याने म्हटली. चर्चच्या दारात. येणारे-जाणारे थांबले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. आमच्यासोबत तिथली एक गाइड होती, तिशीतली बाई, विद्यापीठात अरबी शिकलेली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, किती सुंदर, आता तू या सगळ्यांना अर्थ सांगशील का?

त्याला अर्थ येत नव्हता. मग तिनेच सांगितला. आकाश आणि जमीन, दिवसाच्या मागे येणारी रात्र, हुकमात बांधलेले चंद्र-सूर्य. आपली किताब, आपल्या हाफिजला, एका ख्रिस्ती बाईने चर्चच्या पायरीवर समजावली.

हिफ्जची थट्टा करणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. तीस पारे छातीत ठेवणं काय असतं ते माझ्या घरात मी पाहिलंय. पोराची चूक नाही. त्याला कुणी अर्थ विचारलाच नव्हता, आम्हीसुद्धा. त्याच्या घरी उर्दू तर्जुमा आहे, जुझदानात बांधून उंच कपाटावर. त्या रात्री त्याने हॉटेलच्या वायफायवर तो शोधून वाचला आणि सकाळी मला येऊन सांगितलं. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी रोज फजरनंतर तर्जुम्याचं एक पान वाचते. ती तिथे असती तर त्या बाईला थांबावंच लागलं नसतं. ती तेव्हा घरी बसून होती, चार लोकांत राहायचं होतं म्हणून.

पालेर्मोतच झिझा नावाचा महाल आहे, नाव अरबी ‘अल-अजीज’वरून आलेलं. तिथे ११४९ चा एक थडग्याचा दगड आहे. रॉजरच्या दरबारातल्या एका ख्रिस्ती पाद्रीने आपल्या आईसाठी कोरून घेतलेला. मधोमध क्रूस, डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी, आणि वर ज्यूंच्या हिब्रू अक्षरांत लिहिलेली अरबी. प्रत्येक मजकुरात आईच्या मरणाची तारीख त्या त्या लोकांच्या कालगणनेप्रमाणे, अरबीत हिजरी. मुलाला वाटलं असणार, गावातल्या प्रत्येकाला वाचता यावं. आमची मुलं मराठीच्या तासाला नोट्स घेताना घाईत मराठी शब्द उर्दू अक्षरांत लिहितात आणि मी ओरडते. त्या दगडापुढे उभी राहिल्यापासून ओरडायचं बंद केलंय.

पण सिसिलीचं गुलाबी चित्र रंगवून मी परत आले असं समजू नका. पुढच्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीतले मुसलमान उचलून मुख्य भूमीवर लुचेरा गावी नेऊन वसवले, आणि १३०० मध्ये ती वस्ती मोडून लोकांना गुलाम म्हणून विकलं. हेही मुलांना सांगितलं. आजही इटलीच्या सरकारचा इस्लामशी तसा अधिकृत करार नाही, जसा ज्यूंशी किंवा इतर काही पंथांशी आहे. पण त्याच देशात, पोपच्या शहरात, महापालिकेने दिलेल्या जागेवर १९९५ मध्ये उघडलेली भली मोठी मशीद आहे. तिथे आम्ही जुम्मा पढलो. बाहेर एका बांगलादेशी भाईने आमच्याकडून बिर्याणीचे पैसे घेतले नाहीत.

आता थोडं दुसऱ्या बाजूच्या वाचकांशी. निघण्याआधी तालुक्याच्या एका प्रशिक्षणात दुसऱ्या शाळेतले एक शिक्षक हसत म्हणाले होते, “उर्दूची पोरं इटलीत जाऊन काय करणार? त्यांना पुणं दाखवा आधी.” सर, सांगते काय केलं. फ्लोरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात जेन्तिले दा फाब्रियानोचं १४२३ चं एक चित्र आहे. मरियमच्या डोक्यामागच्या सोनेरी वलयात नक्षी आहे. हजारो लोक ती नक्षी म्हणून बघून पुढे जातात. आमच्या पोरांनी एकमेकांना ढोसलं, “अरे, ही लिखाई आहे!” पंधरा मिनिटं डोकी लावली, लागेना. लागणार नाहीच, कारण चित्रकाराने अरबी अक्षरांची नुसती नक्कल केलीय, अर्थ नाही. पण ती अक्षरांची नक्कल आहे हे ओळखायला अक्षर माहीत असावं लागतं. तुमच्या शाळेची मुलं घेऊन या पुढच्या वेळी, आमची पोरं त्यांना दाखवतील. पुणंही दाखवू.

एक आक्षेप मात्र मला झोपू देत नाही. एका माजी विद्यार्थ्याने फोनवर विचारलं, “मॅडम, एकाच्या खर्चात वीस गरीब मुलांची वर्षाची फी भरली असती, नाही का?” असती. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. अकरा मुलं गेली आणि चारशे मुलं गेली नाहीत, हे खरं आहे. माझ्यापुरतं मी एवढंच केलं की परत आल्यावर त्या अकराजणांना प्रत्येक वर्गात जाऊन तीन तास शिकवायला लावलं, आणि पुढच्या सहलीत देणगीतून पूर्ण खर्च होणारी मुलं चारऐवजी आठ असतील असं संस्थेकडून लिहून घेतलं. पण हाच सवाल आपण लग्नाच्या हॉलमध्ये कधी विचारत नाही. आमच्या मोहल्ल्यात मागच्या मे महिन्यात एका वलीम्याला बाराशे पानं उठली. वीस मुलांची फी तिथे कुणालाच आठवली नाही. आठवली असती तर मी पहिली टाळी वाजवली असती.

परत आल्यावर खांबाचा फोटो मोठा करून मी वर्गात लावला. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने मधल्या सुट्टीत तो वाचला, कुणाला न विचारता, आणि दुसऱ्या दिवशी चोपन्नाव्या आयतीचा मराठी तर्जुमा स्वतःच्या अक्षरात लिहून आणला. एका शब्दावर माझं आणि तिचं मत जुळत नाही, अजून वाद चालू आहे. ती यंदा बारावीत आहे, म्हणजे तिला ही शेवटची संधी.

यंदाची सहल दिवाळीच्या सुट्टीत आहे, रोम, पिसा, पादोवा आणि पालेर्मो. फॉर्म १५ जूनपासून शाळेच्या ऑफिसात मिळतील. खोल्या, सोबत, डॉक्टर, नमाज, जेवण, सगळ्याची यादी फॉर्मला जोडलेली आहे. पालकांची सही लागेल. या वेळी कुणी सही करून फॉर्म परत मागायला आलं, तर आधी माझ्यासमोर बसावं लागेल आणि मी तासभर तरी उठू देणार नाही.